अध्यक्ष उठेपर्यंत

९ नोव्हेंबर

आजची सभा गाजली. धक्क्यावर लाकडी टेबल, टेबलामागे मी आणि टेबलाखाली अध्यक्ष. नदीवरून धुकं चढत होतं. समोरच्या बायकांचे चेहरे त्यात विरघळायचे, पुन्हा उमटायचे. जणू मी झोपेत बोलते आहे आणि त्या झोपेत ऐकताहेत. पण आवाज माझा जागा होता. म्हटलं, "पहाटे लाँचमधून उतरलेली बाई संध्याकाळची लाँच येईपर्यंत स्वतःचं शरीर मुठीत धरून बसते. या धक्क्यावर मालाला गोदामं आहेत, दोरखंडांना छप्पर आहे आणि बाईला साधी मुतारी नाही! तिच्या सोसण्याचं कौतुक करू नका. ज्याचं तुम्ही कौतुक करता ती शिक्षा आहे!" टाळ्या धुक्यात बराच वेळ घुमत राहिल्या.

अध्यक्ष म्हणजे आमचा कुत्रा. करडा, एक कान उभा, एक पडलेला. पिल्लू असताना पहिल्यांदा सभेला नेला तेव्हा खरे अध्यक्ष आलेच नव्हते. मी सवयीने "अध्यक्ष महाशय" म्हणून सुरुवात केली, हा टेबलाखाली जाऊन बसला, आणि नाव चिकटलं. तेव्हापासून माझा आवाज लागला की हा बसतो आणि मी संपवेपर्यंत मिशीचा केस हलवत नाही. आज सगळी दुपार बसला. मी भाषणात त्याचा दाखलाही दिला. म्हटलं, शिस्त बघायची असेल तर टेबलाखाली बघा. लोक खूश.

घरी येताना तो दिव्याच्या खांबाशी फार वेळ पाय वर करून उभा राहिला. चारच थेंब पडले. धाकटी खाली वाकली आणि म्हणाली, "ताई, हे लाल आहे."

"मावळतीचा उजेड आहे, वेडे."

धाकटी नदीपलीकडच्या कारखान्यात चष्म्याची भिंगं घासते. पन्नाशीला आली तरी मी तिला धाकटीच म्हणते. दिवसभर काच बघून बघून तिची नजरच तशी झाली आहे. नाही तिथे डाग दिसतात तिला.

११ नोव्हेंबर

डाग खरा होता. आज जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. कायम सर्दी झालेली, शब्द मोजून वापरणारी बाई.

"किती वेळाने बाहेर नेता याला?"

"याचा ताबा फार चांगला आहे हो. एकदा सकाळी नेलं की थेट…"

"ताबा नाही विचारला मी."

धाकटी खाली बघून हसली. ते मी टिपलं आहे.

मग एक्स-रे. डॉक्टरने तो खिडकीच्या काचेवर धरला, आणि खरं सांगते, क्षणभर मला सुंदर वाटलं. काळ्या आभाळात चांदण्यांचा एक झुबका. आमच्या अध्यक्षांच्या पोटात रात्र आहे आणि तीत तारे आहेत.

"हे खडे," डॉक्टर नाक पुसत म्हणाली. "मूत्राशयात."

लघवीत जंतूही सापडले. जंतू लघवीचा गुण पालटतात, मग तिच्यातले क्षार स्फटिक होऊन खाली बसतात, एकमेकांना चिकटतात आणि खडे होतात. या जातीचे खडे औषध आणि खास अन्नाने विरघळतात. दुसऱ्या जातीचे विरघळत नाहीत, कापूनच काढावे लागतात, आणि नर कुत्र्यांत तेच जास्त.

"मग याचे कुठले?"

"हातात आल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही. लघवीवरून वाटतं, विरघळतील. प्रयत्न करू." मग थांबून म्हणाली, "एक लक्षात ठेवा. हा जोर करतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर उद्यावर टाकायचं नाही. खडा नळीत अडकला की जीव जातो."

मी आयुष्यभर लोकांना घाबरू नका म्हणून सांगत आले. आज डॉक्टरच्या टेबलाची कड धरून उभी होते, आणि बोटं पांढरी झालेली मला नंतर दिसली.

१२ नोव्हेंबर

स्वप्न पडलं. अध्यक्षाच्या पोटात नदी आहे आणि मी तिच्या तळाशी चालते आहे. चालता चालता एकेक खडा उचलून उजेडाला धरते. प्रत्येकात एक बाई उकिडवी बसलेली. मी विचारते, "उठत का नाही?" त्या तोंडावर बोट ठेवतात.

जागी झाले तेव्हा अध्यक्ष माझ्या पायाशी होता आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होता.

१६ नोव्हेंबर

घराचं पाणवठ्यात रूपांतर झालं आहे. दारात वाडगा, खिडकीखाली वाडगा, माझ्या पुस्तकांच्या कपाटाशी वाडगा. जितकं पाणी पोटात जाईल तितकी लघवी पातळ होईल आणि क्षारांना बसायला सवड मिळणार नाही. खास अन्नसुद्धा कोमट पाण्यात भिजवून देतो. त्याखेरीज तोंडात काही जाता कामा नये. म्हणजे भाषणाचा सराव करताना प्रत्येक उताऱ्यामागे मी त्याला जे बिस्किट द्यायचे तेही बंद. धाकटीने डबा फळीवर सगळ्यात उंच ठेवला. "तुझ्यापासून लांब ठेवलाय," म्हणाली, "त्याच्यापासून नाही."

बाकी सगळं जमतं, बाहेर जाणंच तेवढं जमत नाही. डॉक्टरने सांगितलंय, दिवसातून बरेचदा न्या, लघवी साचू देऊ नका. मी त्याला वखारीमागच्या झाडाखाली नेते. त्याला धीर देते. आज म्हटलं, "अध्यक्ष, हा तुमचा हक्क आहे! हक्क मागून मिळत नसतो, बजावावा लागतो!" तो बसला. मी आणखी समजावलं. तो आणखी नीट बसला, छाती काढून. रस्त्यावरून जाणाऱ्या एका गृहस्थांनी मला नमस्कार केला आणि ते ऐकायला थांबले.

संध्याकाळी धाकटी त्याला घेऊन गेली आणि परत आली.

"झाली?"

"झाली की."

"किती?"

"भरपूर."

"कुठे?"

"लाँचपाशी. त्याला इंजिनाचा आवाज आवडतो."

माझा आवाज नाही आवडत वाटतं, असं मी म्हणाले. ती चप्पल काढत होती. तिच्या पदराला हल्ली डिझेलचा वास येतो. त्या कारखान्यात हवा कसली असते देव जाणे, एकदा जाऊन जाब विचारला पाहिजे.

२० नोव्हेंबर

आज मुद्दाम दोघांबरोबर धक्क्यावर गेले. अध्यक्ष नाक वर करून सरळ लाँचच्या फळीपाशी गेला. तिथे एक निळा वाडगा पाण्याने भरून ठेवलेला होता. लोक म्हणतात माणुसकी उरली नाही, पण लाँचवरसुद्धा कुणी मुक्या जनावराची सोय करतं. पुढच्या भाषणात घेईन.

लाँच चालवणारा सारंग खाली उतरला. जाड भिंगांचा चष्मा, दाढीत पांढरं. त्याने टोपी काढली.

"ताई, त्या दिवशी तुमचं भाषण ऐकलं. अख्खं."

"मग? कसं वाटलं?"

"लाँच उशिरा सुटली."

धाकटी खळखळून हसली. तिचं असं हसणं मी किती वर्षांनी ऐकलं, आठवेना. सारंगाने चष्मा काढून फडक्याने पुसला. ते फडकं अगदी आमच्या जुन्या पडद्याच्या कापडाचं वाटलं, तीच पिवळी पानं. हल्ली सगळीकडे एकच माल येतो.

घरी आल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, मला तुला एक सांगायचं होतं."

"सांग की. पण आधी हे ऐक, शेवटचा उतारा बदललाय."

नगरसभेपुढच्या भाषणाचा उतारा होता. बारा डिसेंबरला धक्क्यावरच्या सोयीचा ठराव यायचा आहे. मी वाचला. तिने ऐकला, अध्यक्षाने ऐकला. मला स्वतःलाच इतका आवडला की पुन्हा वाचला. मान वर करून बघते तर ती खुर्चीतच झोपलेली. हातात एक गोल भिंग होतं आणि दिव्याचा उजेड त्यातून जाऊन भिंतीवर थरथरत होता. तिचं सांगायचं राहूनच गेलं.

२४ नोव्हेंबर

घसा बसला. साधा "हं"ही निघत नाही. धाकटी म्हणते, घरात पडसं आलंय की सुट्टी आलीय तेच कळत नाही.

पहाटे मीच अध्यक्षाला घेऊन निघाले. धुकं इतकं दाट होतं की माझेच पाय मला दिसत नव्हते. घरं नव्हती, वखारी नव्हत्या. कुठेतरी पाणी लाकडावर आपटत होतं आणि कुठेतरी कोणी बादली खाली ठेवली. हातातली दोरी मात्र दुसऱ्या टोकाने जिवंत होती. मला वाटलं, जग अजून व्हायचंय आणि आम्ही दोघं जरा लवकर आलो आहोत.

झाडाखाली तो थांबला. पाय वर केला. आणि मग आवाज आला, बारीक, न तुटणारा. मी उभी राहून ऐकत होते. इतक्या सभा गाजवल्या, पण असा आवाज कानांनी प्यावा असं कधी वाटलं नव्हतं. रंगही स्वच्छ होता.

गार हवेचा गुण दिसतो. धुक्याने स्नायू सैल पडत असावेत. डॉक्टरला सांगायला हवं.

२८ नोव्हेंबर

अध्यक्षाला दवाखान्यात ठेवून आले.

घसा परवापासून सुटला, तेव्हापासून सराव सुरू होता. आज दुपारी धाकटी कामावर होती. मी खिडकीशी उभी राहून भाषण म्हणत होते आणि अध्यक्ष टेबलाखाली. शेवटाकडे आले तेव्हा त्याच्या कुशी थरथरताना दिसल्या. मी थांबले तसा तो उठला आणि दाराकडे गेला, पण पाय नीट पडेनात. अंगणात नेला. जोर केला, पुन्हा केला. थेंबही नाही. पोट हाताला दगडासारखं लागलं. त्याने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं.

उचलून गाडीत घातला.

डॉक्टरने नळी घालून पाण्याच्या जोराने खडा मागे मूत्राशयात ढकलला. तुंबलेलं सगळं बाहेर आलं, गढूळ आणि लाल.

"आता विरघळायची वाट बघायची नाही," ती म्हणाली. "पुन्हा अडकेल. उद्या सकाळी पोट उघडून काढते."

"वाचेल ना?"

"वेळेवर आणलात."

हो म्हणाली नाही. मी सभेत असं उत्तर कुणाला देऊ दिलं नसतं.

३० नोव्हेंबर

काल खडे निघाले. बाटलीत घालून दाखवले. चांदण्या वगैरे काही नाहीत, मळकट पांढरे, गुळगुळीत, कडांनी एकमेकांत बसलेले. किती दिवस शेजारी शेजारी गप्प राहिले असतील.

आज दुपारी नळी काढली. डॉक्टर म्हणाली, "संध्याकाळपर्यंत त्याची त्याला झाली पाहिजे. नाही झाली तर पुन्हा नळी. तेही साधलं नाही तर लघवीला दुसरीकडून कायमची वाट करून द्यावी लागेल, आणि आत्ता याच्या अंगात ते सोसायचं बळ नाही."

दवाखान्यामागे एक अंगण आहे. विटांची फरसबंदी, मधे झाड, भिंतीला नळ. धाकटी कारखान्यातून धावत आली होती, बोटांवर अजून घासायची पांढरी पूड. आम्ही त्याला झाडाखाली उभं केलं. मी गुडघ्यांवर बसले आणि त्याच्याशी बोलू लागले. काय काय बोलले! त्याला पिल्लूपण सांगितलं, सभा सांगितल्या, तू गेलास तर मी कुणाला अध्यक्ष म्हणू असं विचारलं. माझा आवाज चढत गेला, मला तो आवरेना.

तो बसला. टाके ओढले जात होते, अंग दुखत होतं, तरी पाय दुमडून हळूहळू बसला. उभा कान माझ्याकडे.

"ताई," धाकटी म्हणाली.

"थांब गं. अध्यक्ष, उठा, तुम्हाला उठलंच पाहिजे…"

"ताई, गप्प बस!"

तिने आजवर मला असं म्हटलं नव्हतं. मी वळून बघितलं. तिचे डोळे भरले होते.

"तू बोलतेस तोवर तो उठणार नाही. कधी उठलाय? तू बोललीस की बसायचं आणि तू संपवलंस की हलायचं, एवढंच तर शिकलाय तो जन्मात."

"तुला हे माहीत होतं?"

"मला वाटलं, तुलाही माहीत आहे. मग कळलं, नाही. मग सांगणार होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू बोलत होतीस."

मी तोंड मिटलं. धुक्याची ती पहाट आठवली. धुक्याचा गुण नव्हताच तो, माझा घसा बसला होता.

नळातून पाणी ठिबकत होतं. भिंतीवरचं ऊन विटेविटेने वर सरकत होतं. आम्ही दोघी झाडाच्या दोन बाजूंना उभ्या, लहानपणी लपाछपीत उभ्या राहायचो तशा. माझ्या घशात वाक्यांची रांग लागली होती. एकेक गिळलं. गिळायला फार जड असतात ती.

बऱ्याच वेळाने अध्यक्ष उठला. भिंतीपर्यंत गेला, हुंगलं, परत आला. माझ्याकडे बघितलं. मी झाडाकडे बघितलं. मग त्याने पाय अर्धाच उचलला. आधी थेंब, मग तुटक, मग बारीक अशी एक धार विटांमधून वाट काढत माझ्या चपलेपर्यंत आली. मी पाय काढला नाही.

६ डिसेंबर

खड्यांचा अहवाल आला. जंतूंमुळे होणारेच होते, विरघळणाऱ्या जातीचे. थोडी सवड मिळती तर कदाचित कापावंही लागलं नसतं. डॉक्टर म्हणाली, तो हिशेब करत बसू नका, पुढचं बघा. अन्न ती सांगेल तेच. पाणी भरपूर. लघवीची तपासणी ठरल्या वेळी, तो बरा दिसत असला तरी. जंतू परत आले तर लगेच औषध, आणि औषध मधेच सोडायचं नाही.

"आणि साचू द्यायचं नाही," ती म्हणाली. "साचलं की जंतूंचं फावतं. धरून ठेवायला लावणं ही शिक्षा आहे."

"हे वाक्य माझं आहे."

"हो. त्या दिवशी धक्क्यावर होते मी. पुढे तुम्ही टेबलाखाली बघा म्हणालात. मी बघितलं होतं."

ती नाक पुसायला वळली.

घरी येऊन भाषणातून शिस्तीचा उतारा काढला. त्या जागी काही सुचेना. जागा तशीच ठेवली आहे, कोरी.

१२ डिसेंबर

नगरसभेचं सभागृह उंच छताचं, निळसर काचांचं. आत उजेड पाण्याखालच्यासारखा. सभासद माशांसारखे हळू हलत होते. मागच्या बाकांवर धक्क्यावरच्या बायका, कडेला धाकटी. अध्यक्षाला मी आणणार नव्हते, पण दाराशी पाय रोवून उभा राहिला. वाटेत दोनदा झाडं दाखवली. दोन्ही वेळा गप्प राहिले.

भाषण उत्तम चाललं होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. मी त्या कोऱ्या जागेपाशी आले आणि थांबले. अगदी एका श्वासापुरतं. तेवढ्यात टेबलाखाली नखं वाजली. पुढे सुरुवात केली, "म्हणून मी या सभागृहाला विचारते…" आणि अध्यक्ष उठला. मी बोलत असताना उठला! टेबलाखालून बाहेर आला, मधल्या वाटेने चालत गेला, दाराशी उभा राहून मागे वळला.

सभागृह हसलं. मी मात्र पाहत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मागितलं होतं.

"सभ्य गृहस्थहो," मी म्हटलं, "अध्यक्षांनी सभा तहकूब केली आहे. ज्यांना ज्यांना जायचंय त्यांनी जाऊन यावं. बायकांनी कुठे जायचं ते मात्र तुम्ही सांगायचं, कारण या इमारतीतही सोय नाही."

कुणीच हसलं नाही. मागच्या बाकांवरच्या एकूण एक बायका उठून उभ्या राहिल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मी कागद टेबलावर सोडले आणि दोरी घेऊन बाहेर पडले.

बाहेर नदीवर धुकं उतरत होतं. अध्यक्षाने पायऱ्यांशेजारच्या गवतावर निवांत, मोठी धार सोडली. मागून धाकटी आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. ठरावाचं काय झालं ते अजून कळलेलं नव्हतं. खाली लाँचचा भोंगा वाजला, एकदा लांब, एकदा आखूड. धाकटीने तिकडे बघितलं. मग म्हणाली, "ताई, मी पलीकडे राहायला जाणार आहे. सारंगाच्या घरी. त्याने विचारलं त्याला दोन हिवाळे झाले. थांब म्हणाले होते त्याला."

पिवळ्या पानांचं फडकं. निळा वाडगा. डिझेल. सगळं एकदम माझ्यापुढे उभं राहिलं. विचारायचं होतं, दोन हिवाळे? आणि मला आज कळतंय? आणि हे घर, आणि मी? मी तोंड उघडलं. पहिलं अक्षर बाहेर पडलं असेल नसेल, माझ्या पायाशी अध्यक्ष बसला.

धाकटीनेही मान खाली घातली होती. अगदी तशीच.

मी तोंड मिटलं. धुकं पायऱ्या चढून आमच्यापर्यंत आलं. अध्यक्ष उठला, अंग झटकलं आणि धक्क्याच्या दिशेने दोरी ओढू लागला. आम्ही त्याच्या मागून निघालो, आणि चालता चालता धाकटी बोलू लागली. सावकाश, मधे मधे थांबत, पहिल्यापासून. मी धक्क्यापर्यंत ऐकत गेले.